दिवस मावळेपर्यंत बंद करू नये

जालन्यात लाइट जावी म्हणून कोणी देवाला हात जोडल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. दिवाळीनंतर लाभपंचमीच्या दिवशी अंगदने ते केलं, आणि तेही एका डाळमिलमध्ये, मालकाच्या शेजारी उभं राहून. मालकाला वाटलं, पोरगा मोठा भाविक आहे.

मालक म्हणजे जुगलकिशोरशेठ. दुकान जुन्या जालन्यात, मिल गावाबाहेर. घराणं मूळचं राजस्थानातलं. पण शेठ रागावले की मराठीतच रागवायचे, त्यावरून इथे किती पिढ्या गेल्या असतील याचा अंदाज करावा. आणि अंगद म्हणजे पुण्यातली नोकरी सोडून आलेला, डाळ निवडायची मशीन स्वतःच्या हातांनी बनवणारा इंजिनिअर. 'स्वतःच्या हातांनी' हे त्याचे शब्द. त्याची बायको मनीषा म्हणायची, "स्वतःच्या हातांनी आन् माझ्या हॉलमध्ये."

मशीनचं काम सोपं होतं. वरून तूरडाळ पडते, एक कॅमेरा ती पुढून बघतो, दुसरा मागून. काळा दाणा किंवा खडा दिसला की खालच्या रांगेतली एक बारीक नळी हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवते. हेच काम आयुष्यभर सुपात करत आलेल्या आशाबाईंनी, म्हणजे अंगदच्या आईने, मशीन चहूबाजूंनी बघून एवढंच विचारलं होतं, की एवढ्या मोठ्या कपाटाला चष्मा लागणार न्हाई ना रे? अंगद त्यावर हसला होता. ते हसणं पुढे त्याला महागात पडलं.

शेठने मशीन एका अटीवर मिलमध्ये ठेवून घेतली होती. "लाभपंचमीला मुहूर्त करू," ते म्हणाले होते. "चार वाजता मोंढ्यातले सगळे व्यापारी फराळाला येतेत. त्यांच्यासमोर बराबर चालली तर मशीन माझी. न्हाई तर टेम्पो बोलवा अन् घरी घेऊन जा. माझ्या मनात बिलकुल राग राहणार न्हाई." न रागावता टेम्पो बोलवायला सांगणारा माणूस रागावणाऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक असतो, हे अंगदला त्या दिवशी कळलं.

कारण टेम्पो आला असता तर मागोमाग पुण्याची बसही आली असती. जुना साहेब दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत जागा रिकामी ठेवायला तयार होता. मनीषाला नुकतीच इथल्या शाळेत नोकरी लागली होती, पोरगी पहिलीत गेली होती. म्हणजे त्या दोघी इथे आणि अंगद तिकडे डब्याची भाजी ओळखण्याचा प्रयत्न करत शनिवारची वाट बघणार. त्याला जायचं नव्हतं. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही, कारण चाळिशीला टेकलेल्या माणसाने घर सुटतंय म्हणून रडवेलं होणं शोभत नाही. पण खरी गोष्ट तीच होती.

आता थोडं मशीनच्या पोटातलं सांगणं भाग आहे. पोटात एक कॉम्प्युटर. त्यात कार्ड बसवायची मोठी खाच एकच, आणि त्या खाचेतून सोळा लेन. लेन म्हणजे माहिती धावायचे रस्ते. कॅमेरे दोन, त्यांची कार्डं दोन, खाच एक. तेव्हा आठ लेन या कार्डाला आणि आठ त्या कार्डाला अशी वाटणी करून द्यावी लागते. ही वाटणी करणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. (घरात ड्रायव्हर ठेवलाय म्हटल्यावर आशाबाईंनी त्याच्या जेवणाची चौकशी केली होती, ते सोडून देऊ.) हा ड्रायव्हर अंगदने स्वतः लिहिला होता. फक्त त्याला एक खोड होती. वाटणीचा कागद तो एकदाच वाचायचा, कॉम्प्युटर चालू होताना. त्यानंतर कागदावर काहीही लिहा, ढुंकून बघायचा नाही. सरकारी कचेरीत असे लोक असतात आणि त्यांना बढती मिळते.

मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी मागच्या कॅमेऱ्याचं चित्र थरथरायला लागलं. अंगद मिलमध्ये डोकं धरून बसला होता आणि शेजारी कल्याणकाका बसले होते. कल्याणकाका हे त्याच्या गल्लीतले, जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. मशीन बघायची म्हणून ते स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून आले होते आणि 'वाटणी' हा शब्द कानावर पडल्यापासून त्यांनी सगळा कारभार हातात घेतला होता.

"तू चुकून राह्यला अंगद," काका म्हणाले. "वाटणीचं बी शास्त्र असतंय. वाद कशात हाय ते कळंना तर आधी समदं एकाच्या नावावर करायचं. मोजणी करायची. त्याचं बराबर निघालं की मंग दुसऱ्याचं. दोघांना घेऊन बसला की कोन खोटं बोलतंय ते कळत न्हाई."

सल्ला देणाऱ्या शेजाऱ्याचा खरा उपद्रव असा, की कधीकधी त्याचं बरोबर असतं. अंगदने सोळाच्या सोळा लेन आधी मागच्या कॅमेऱ्याला देऊन पाहिल्या, मग पुढच्याला. मागच्याची एक वायर ढिली निघाली. ती घट्ट केली. काम फत्ते झालं. आता सगळ्या लेन पुढच्याच्या नावावर होत्या, त्या परत आठ-आठ करायच्या, एवढं दोन आकड्यांचं काम राहिलं.

नेमकं तेव्हाच काकांना धावडा गावच्या दोघा भावांची आठवण झाली. बांधावरच्या लिंबाचं झाड कोणाचं, यावरून ते भाऊ अर्धं आयुष्य भांडले होते आणि काकांनी साखळी धरून झाडाची मधोमध मोजणी केली होती. गोष्ट ऐकता ऐकता अंगदने लॅपटॉप मिटला, मशीन बंद केली, कुलूप लागलं, स्कूटर घराला लागली, आणि काका उतरले तरी लिंबाचं झाड कोणाकडे गेलं ते कळलं नव्हतं. आठ-आठ करायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मिल नटली होती. मशीनला झेंडूचा हार, कपाळावर म्हणजे जिथे अंगदने कंपनीचं नाव लिहिलं होतं बरोबर तिथे स्वस्तिक. शेठच्या आई सुगनबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पंच्याऐंशी वर्षांच्या, अंगाने एवढ्याशा, पण त्या खोलीत आल्या की शेठ खुर्चीतून उठायचे. गुरुजींचे मंत्र झाले, नारळ फुटला आणि सुगनबाईंनी बटण दाबलं. मशीन घरघरली, डाळ धबधब्याने पडू लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर अक्षरं आली: कॅमेरा एक चालू. कॅमेरा दोन सापडला नाही.

काय झालं, कसं झालं, सगळं अंगदला एका दमात कळलं. अगदी लिंबाच्या झाडासकट. पुढून डाग असलेला दाणा उडत होता आणि मागून डाग असलेला दाणा मजेत चांगल्या डाळीत जाऊन बसत होता. त्याने लॅपटॉप उघडून सोळाचे आठ-आठ केले. अर्ध्या मिनिटाचं काम. आता फक्त मशीन एकदा बंद करून चालू करायची. तो बटणापाशी गेला आणि शेठने त्याचं मनगट धरलं.

"काय करून राह्यले?"

"काही न्हाई शेठ, एकदा बंद करून परत चालू करतो."

"बंद?" शेठचा चेहरा असा झाला की गुरुजीही थांबले. "मुहूर्ताची मशीन? अंगदराव, आमच्या घरात आजोबापासून रिवाज हाय. लाभपंचमीला चालू केलेली मशीन दिवस मावळेपर्यंत बंद करायची न्हाई. बंद केली की वर्षभराचा धंदा बंद. का, काही गडबड हाय का?"

इथे अंगदने 'हो' म्हणायला हवं होतं. पण गुरुजी बघत होते, हमाल बघत होते, मशीनचा हारसुद्धा बघत असावा. आपण वाटणी करायला विसरलो हे इतक्या लोकांसमोर सांगणं त्याच्या डिग्रीला झेपलं नाही. "छे छे," तो म्हणाला, "अशीच आमची पद्धत असते." आणि मनगट सोडवून घेतलं.

मशीन बंद न करता ड्रायव्हरला जागं करायची एक चोरवाट होती. चालत्या कॉम्प्युटरला सांगायचं, की खाचेतली कार्डं विसर आणि नव्याने शोध. अंगदने हळूच तशी आज्ञा दिली. कॉम्प्युटर कार्डं विसरला. तेवढं त्याने मनापासून केलं. दिसायचं बंद झाल्यावर मशीनने पडणारा प्रत्येक दाणा संशयित ठरवला आणि सगळ्या नळ्या एकदम सुटल्या. तूरडाळीचं कारंजं उडालं. गुरुजींच्या पागोट्यावर, शेठच्या नव्या कुर्त्यावर, प्रसादाच्या शिऱ्यात, सगळीकडे डाळच डाळ. अंगदने घाईघाईने आज्ञा मागे घेतली. पुढचा कॅमेरा परत आला, सोळाच्या सोळा लेन घेऊन. मागचा आलाच नाही. चालत्या मशीनमध्ये नुसता कॉम्प्युटर बंद करून चालू केला असता तर हेच कारंजं दोन मिनिटं उडत राहिलं असतं.

गुरुजींनी पागोटं झटकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "धान्यवृष्टी. फार शुभ." शेठचे डोळे भरून आले. त्यांनी अंगदला पेढा भरवला. आपली चूक अशी गोड होऊन तोंडात येईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तो पेढा त्याला गिळवेना.

यानंतर तो मशीनसमोर हात जोडून उभा राहिला. एरवी या भागात लाइट दुपारपर्यंत निदान एकदा तरी जायचीच; पीठ मळायला घेतलं की जायची, पोरांची परीक्षा असली की जायची. त्या दिवशी बल्ब साधा लुकलुकलासुद्धा नाही. शेवटी त्याने कोपऱ्यात जाऊन कल्याणकाकांना फोन लावला. मोजणीच्या नोकरीत काकांची गावातल्या सगळ्या खात्यांशी ओळख झाली होती. काकांनी भारत नावाच्या वायरमनशी फोनवर गाठ घालून दिली.

"पाच मिनिटं लाइट घालवता येईल का?" अंगदने विचारलं.

"साहेब," भारत म्हणाला, "लाइट गेली म्हणून लोक शिव्या घालतेत, त्याची तक्रार नोंदवता येती. लाइट आली हाय अशी तक्रार मी कुठं नोंदवू?"

"काही मार्ग असेल ना?"

"हाय की. ग्राहकानं अर्ज करायचा. मीटर कोनाच्या नावावर हाय?"

मीटर जुगलकिशोरशेठच्या नावावर होतं. अंगदने फोन ठेवायला घेतला, तेवढ्यात भारतला दया आली. तारेवर आलेली एक फांदी तोडायची कधीची राहिली होती, ती आजच तोडतो म्हणाला. "पर कोनाला सांगू नका. म्हनतील, सणाच्या दिशी बी काम करून राह्यला."

आणि दुपारी खरंच लाइट गेली. पंखे थांबले. शेजारच्या मिलमधला आवाज थांबला. अंगदचा श्वासही आनंदाने थांबला. मशीनमधली डाळ थांबली, पण कॉम्प्युटरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत राहिला. कारण कॉम्प्युटरला बॅटरी होती. ती अंगदनेच आग्रहाने बसवली होती. 'लाइट गेली तरी कॉम्प्युटर एक सेकंद बंद पडणार नाही, ही माझी गॅरंटी' असं शेठला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तो बॅटरीची वायर शोधायला वाकला तोवर जनरेटर धडधडला. शेठने तो आजच्या दिवसासाठी मुद्दाम दुरुस्त करून घेतला होता. डाळ पुन्हा पडू लागली.

"वा!" शेठने त्याला कवटाळलं. "वा अंगदराव! जे बोलले ते करून दाखवलं!" अंगदच्या आयुष्यात त्याची गॅरंटी पहिल्यांदाच पुरती खरी ठरली होती, आणि त्या खोलीत त्याचं दुःख झालेला माणूस तो एकटाच होता.

लाइट परत आली, जनरेटर थांबला, आणि तीन वाजत आले तेव्हा मनीषा फराळाचा डबा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने त्याला पोत्यांच्या थप्पीमागे नेलं. त्याने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "एक काम कर. तू डबा घेऊन जाता जाता त्या वायरीत पाय अडकून पड. बॅटरीचं मी बघतो. तुला कोणी काही म्हणणार न्हाई."

"अहो, मी शाळेत शिकवते," मनीषा म्हणाली. "माझ्या वर्गातल्या पोरांचे आई-बाप हमालीला हायेत इथं. त्यांच्यासमोर मला आडवं पडायला सांगून राह्यले? शेठना सरळ सांगत का न्हाई?"

"काय सांगू? पहिल्याच दिवशी मशीन अर्धी आंधळी निघाली म्हणून?"

"मंग चार वाजता मोंढ्यातले लोक काय म्हणतील? चार डोळ्याची हाय म्हणतील?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला तुमचं पुण्याला जाणं नको हाय. तुमच्या इज्जतीपायी पोरीला फोनवर बाप दाखवू का मी?"

शेठ फाटकावर पाहुण्यांची वाट बघत होते. मनीषाने नवऱ्याला हाताला धरून सुगनबाईंच्या खुर्चीपाशी नेलं.

सुगनबाई मांडीवर ताट घेऊन बसल्या होत्या. मशीनमधून निघालेली 'साफ' डाळ त्यांनी ताटात मागवली होती आणि त्या ती निवडत होत्या. ताटाच्या कडेला काळ्या दाण्यांचा छोटा ढीग झाला होता. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय रे बाबा, तुझी मशीन एकाच डोळ्यानं बघून राह्यली का?"

अंगद त्यांच्या पायाशी खाली बसला आणि सगळं बोलून मोकळा झाला. लेन, आठ-आठ, लिंबाचं झाड, कारंजं, फांदी, काही ठेवलं नाही. "एकदा बंद केली की नीट होईल, माँजी. पण तुमच्या घराचा रिवाज मोडायचा कसा?"

"कुठला रिवाज?"

"दिवस मावळेपर्यंत बंद करायची न्हाई. तुमच्या सासऱ्यांपासूनचा."

सुगनबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, मनीषाने पाणी दिलं. "अरे, माझ्या सासऱ्याचं डिझेलचं इंजिन व्हतं," त्या म्हणाल्या. "एकदा बंद पडलं की हँडल मारायला चार गडी लागायचे. दिवाळीचे गडी गावाला गेल्ते राहायचे. म्हून सासरे वरडायचे, दिवस मावळेपर्यंत कोनी बंद करू नका, मी एकटा हाये. जुगल तवा एवढासा व्हता. त्याला वाटलं, देवाचं हाये."

"तुम्ही त्यांना कधी सांगितलं न्हाई?"

"त्यानं कधी इचारलं न्हाई."

मग त्यांनी एकच हाक मारली. "जुगल!" पासष्ट वर्षांचे शेठ फाटकावरून पळत आले.

"मशीन बंद कर. मंग चालू कर."

"माँ! मुहूर्त..."

"मुहूर्त कोनी केला? बटन कोनी दाबलं? मंग बंद बी मीच करते. मला उठव."

शेठने आईला उठवलं. मनीषाने एक हात धरला. सुगनबाईंनी बटण दाबलं आणि मिलमध्ये इतकी शांतता झाली की शेजारच्या मिलची घरघर ऐकू आली. शेठने डोळे मिटून घेतले होते. वर्षभराचा धंदा जाताना त्यांना बघवत नव्हतं. अंगदने बॅटरीची वायर काढली, मनात जेवढे देव आठवले तेवढे मोजले आणि परत लावली. "दाबा माँजी."

पडदा काळा, मग निळा. फाटकाशी पाहुण्यांच्या गाड्यांचे आवाज यायला लागले होते. कॅमेरा एक चालू. आठ लेन. अंगदने मनीषाचा हात धरला, सगळ्यांसमोर, जे त्याने लग्नातही गुरुजींनी सांगेपर्यंत केलं नव्हतं.

कॅमेरा दोन चालू. आठ लेन.

डाळ पडू लागली आणि काळे दाणे दोन्ही बाजूंनी पटापट उडू लागले. मोंढ्यातली मंडळी आत आली, त्यांनी मुठी भरभरून डाळ तळहातावर पसरून पाहिली. सुगनबाईंनीही नवं ताट मागवलं, निवडायला घेतलं आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाताने बाजूला ठेवलं. शेठ एव्हाना सावरले होते. "हिचा मुहूर्त आम्ही दोनदा केला हाय," ते पाहुण्यांना सांगत होते. "माँजीच्या हातानं." दोघा व्यापाऱ्यांनी जाताना अंगदला बाजूला घेऊन नंबर मागितला. टेम्पोचा विषय कोणी काढला नाही. घरी जाताना मनीषा स्कूटरवर मागे बसून त्याच्या पाठीवर डोकं टेकून होती, आणि अंगदला स्कूटर हळू चालवावीशी वाटली.

पुढच्या लाभपंचमीला अंगदच्या मशीन आणखी दोन मिलमध्ये लागल्या होत्या. शेठच्या मुहूर्ताला तो निवांत गेला. ड्रायव्हर त्याने पार सुधारला होता. सुगनबाईंनी बटण दाबलं, दोन्ही कॅमेरे लगेच लागले, आठ-आठ. त्याने समाधानाने फराळाच्या ताटाकडे हात नेला, तोच शेठने त्याचं मनगट धरलं.

"चला, आता बंद करा."

"का शेठ? बराबर चालून राह्यली की."

"तरी बंद करायची. आमच्या घरात रिवाज हाय. मुहूर्ताला एकदा चालू, एकदा बंद, परत चालू. अन् बंद करायची ती बनवणाऱ्याच्या हातानं. त्याबिगर बरकत न्हाई." आणि मग आवाज खाली आणून, "बाकीचे दोघं मिलवाले बी तुमची वाट बघून राह्यलेत. मीच सांगितलं त्यांना."

अंगदने सुगनबाईंकडे पाहिलं. त्यांनी ताटातली डाळ निवडता निवडता मान बारीकशी हलवली. राहू दे.

दुपारपर्यंत त्याने गावातल्या तीन उत्तम चालणाऱ्या मशीन हार घालून घेऊन, मंत्रांच्या साक्षीने बंद केल्या आणि परत चालू केल्या. घरी आला तेव्हा पिशवीत तीन नारळ होते.

"खरं काय ते सांगून टाकायचं ना," मनीषा म्हणाली.

अंगदने नारळ ओट्यावर ठेवले. "कोणी विचारलं न्हाई," तो म्हणाला.